नागपुरात सिक्लिडची अंडी आणि पिल्लं कशी वाढवावीत

एंजलफिशच्या जोडीने पाटीवर अंडी घातली की घरात सगळ्यांना आनंद होतो. दुसऱ्या दिवशी ती खाल्लेली दिसली की जोडीला नावं ठेवली जातात. खरं तर अंडी गेली तर फारसं काही बिघडत नाही, कारण तब्येतीने बरी जोडी दहा-पंधरा दिवसांत पुन्हा अंडी घालते. खरा तोटा पुढे होतो. पिल्लं फुटतात, पोहायला लागतात आणि पोहायला लागल्यापासून दहा दिवसांच्या आत संपतात. त्यांच्या तोंडात मावेल असं खाद्य तेव्हा घरात नसतं, टाकीतला फिल्टर कोरा असतो आणि पाण्यात अमोनिया (विष्ठा आणि सडलेल्या खाद्यातून होणारं विष) चढलेला असतो. या तिन्ही गोष्टींची सोय अंडी दिसल्यावर होत नाही, आधी करावी लागते. म्हणून हे मार्गदर्शन अंड्यांच्या आधीपासून सुरू होतं. सविस्तर सांगितलंय ते एंजलफिशबद्दल, कारण सिक्लिड या माशांच्या कुळातला तोच आपल्याकडे घरोघरी जास्त पाळला जातो. बाकीच्या जातींत काय वेगळं ते शेवटाकडे येईल.

आधीची तयारी

अंड्यांसाठी १२ × १० × १० इंचाची काचेची टाकी घ्या. काठोकाठ भरली तर तिच्यात साधारण १९ लिटर पाणी मावतं. तळाला वाळू, खडी काही नको. उरलेलं खाद्य आणि मेलेलं पिल्लू दिसलं पाहिजे आणि नळीने ओढून काढता आलं पाहिजे, ते फक्त कोऱ्या काचेवरच शक्य आहे. दोन आठवड्यांनी पिल्लं हलवायला २४ × १२ × १५ इंचाची, म्हणजे सुमारे ७० लिटरची टाकी लागेल. तिची जागा आत्ताच ठरवून ठेवा.

फिल्टर स्पंजचाच हवा. मोटरचा पॉवर फिल्टर पिल्लांना ओढून घेतो. नवा स्पंज आणून थेट पिल्लांच्या टाकीत टाकला तर उपयोग शून्य, कारण अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वसायला वेळ लागतो. म्हणून तो किमान चार आठवडे जोडीच्या टाकीत हवेच्या पंपावर चालवा. दोन स्पंज असे तयार ठेवले तर फार बरं, कारण मोठ्या टाकीलाही एक लागेलच.

अंडी घालायला जागा द्या. शाळेतली दगडी पाटी, लाकडी चौकट काढून, टाकीत ६०-७० अंशांत तिरकी उभी केली की एंजल ती बहुतेक वेळा पसंत करतो. पीव्हीसी पाइपचा तुकडाही चालतो. घरात कोटा किंवा शहाबादी फरशीचा तुकडा पडलेला असतो, तो मात्र वापरू नका. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, पाण्यात हळूहळू विरघळतात आणि पाणी जड करतात.

जोडी बाजारातून 'जोडी' म्हणून घेण्यापेक्षा सहा लहान मासे एकत्र वाढवा. आठ ते बारा महिन्यांत त्यांच्यात आपोआप जोडी लागते. नर-मादी ओळखायची खात्रीची खूण एकच, आणि ती अंडी घालायच्या एक-दोन दिवस आधी दिसते. पोटाखाली बाहेर येणारी नळी मादीची जाड आणि बोथट असते, नराची बारीक आणि टोकदार. हे बघून घ्या, कारण दोन माद्यासुद्धा जोडी लावतात, पाटी साफ करतात, अंडी घालतात आणि राखतातही. ती सगळी अंडी दीड दिवसात पांढरी होतात.

पाणी

नागपूरला नळाचं पाणी कन्हान नदी आणि पेंच प्रकल्पातून येतं. ते क्लोरीन घातलेलं असतं, पण मत्स्यशेतीत पैदास केलेल्या एंजलला क्षारांच्या दृष्टीने साधारणपणे चालून जातं. बोअरचं पाणी वेगळं. अनेक वस्त्यांत ते चांगलंच जड असतं, आणि दोन घरं सोडून तिसऱ्या घरी आकडा बदलतो. शेजाऱ्याचं पाणी चाललं म्हणून आपलं चालेल असं धरू नका. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, आपलं पाणी आपणच मोजा. मीटर एकूण विरघळलेले क्षार दाखवतो, जडपणा वेगळा मोजत नाही. पण घरच्या कामाला त्याचा अंदाज पुरतो.

एंजलच्या अंड्यांसाठी टीडीएस ३०० च्या आत, शक्यतो १५० ते २५० ठेवा, आणि पीएच (पाण्याची आम्लता-अल्कता) ६.५ ते ७.५. पाणी फार जड असेल तर फलन कमी होतं, अंडी कमी फुटतात. आरओचं पाणी मिसळून हे साधतं. समजा बोअरचं पाणी ६०० आहे आणि आरओचं ४०. एक भाग बोअर आणि अडीच भाग आरओ घेतलं की २०० येतं. नुसतं आरओ मात्र भरू नका. त्यात पीएच धरून ठेवणारे क्षार उरत नाहीत आणि पीएच एका रात्रीत घसरू शकतो. आरओच्या बाहेर टाकायच्या नळीचं पाणीही इथे कामाचं नाही, सगळे क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात.

क्लोरीन घालवायला पाणी उघड्या टबात २४ तास ठेवा आणि त्यात हवेचा दगड (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र तुकडा) चालू ठेवा. घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापतं, त्यामुळे टब पहाटेच भरा.

अंडी उचलायची की आई-बापांकडे ठेवायची

तरुण जोडीची पहिली एक-दोन वेळची अंडी त्यांच्याकडेच राहू द्या. बहुधा ती खातील, पण त्यातूनच काही जोड्या शिकतात. चार-पाच वेळा झाल्यावरही खात असतील, किंवा टाकीत इतर मासे असतील, तर पाटी उचला. आई-बापांनी पिल्लं राखणं हे बघायला अतिशय सुंदर असतं आणि ज्यांच्याकडे जोडीसाठी वेगळी टाकी आहे त्यांनी ते जरूर करावं. पण जास्त पिल्लं जगवायची असतील तर वेगळं काढणंच भरवशाचं.

अंडी घालणं तास-दोन तास चालतं. मादी पाटीला पोट घासत एक ओळ घालते, मागोमाग नर त्याच ओळीवरून जातो. दोघं थांबून पंखांनी वारा घालायला लागले की अजून एक तास जाऊ द्या, मगच पाटी काढा.

छोट्या टाकीत जोडीच्याच टाकीतलं पाणी भरा, तापमान तंतोतंत तेच. पाटी पाण्यातल्या पाण्यात मोठ्या भांड्यात घेऊन हलवा. नव्या टाकीत ती तशीच तिरकी ठेवा, अंड्यांची बाजू थोडी खाली झुकलेली, म्हणजे घाण बसत नाही. हवेचा दगड अंड्यांपासून दोन इंचांवर असा ठेवा की बुडबुडे अंड्यांच्या समोरून वर जातील, अंड्यांना लागणार नाहीत. आई-बाप पंखांनी जे काम करतात तेच हे पाणी करतं. दगड जास्त लांब ठेवला तर अंड्यांपुढचं पाणी साचून राहतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

आता मिथिलीन ब्लू, म्हणजे बुरशी रोखणारं निळं औषध. १ टक्का द्रावण असेल तर दर १० लिटरला २ मिली, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम. इंजेक्शनच्या सिरिंजने मोजा, थेंब मोजू नका. दुकानात मिळणाऱ्या कित्येक बाटल्यांवर तीव्रता लिहिलेलीच नसते. मग रंगावरून ठरवा: टाकीच्या मागे वर्तमानपत्र धरलं तर मोठा मथळा वाचता यावा, बारीक मजकूर नाही. त्यापेक्षा गडद नको. हे औषध फरशी, बोटं आणि टाकीच्या कडेचं सिलिकॉन कायमचं निळं करतं, तेव्हा खाली जुनं फडकं अंथरा. उजेडात त्याचा रंग आणि जोर उतरतो, म्हणून टाकीवरचा दिवा बंदच ठेवा.

एक गोष्ट इथे नेहमी चुकते. मिथिलीन ब्लू बुरशीबरोबर फिल्टरमधल्या चांगल्या जिवाणूंनाही मारतं. म्हणून या टप्प्यावर स्पंज फिल्टर टाकीत घालायचाच नाही, तो जोडीच्या टाकीतच चालू राहू दे. अंडी फुटल्यावर दोन दिवस रोज निम्मं पाणी बदलून निळा रंग काढायचा आणि मगच तयार स्पंज आणून ठेवायचा.

पहिले तीन दिवस

तापमान २७ ते २८ अंश. या तापमानाला अंडी ४८ ते ६० तासांत फुटतात, २५ ला तीन दिवसांच्या वर जातात. पाणी ३१ च्या वर गेलं तर लवकर फुटतात खरी, पण वाकडी पिल्लं जास्त निघतात.

चांगलं अंडं मधाळ, पारदर्शक दिसतं. साधारण दीड दिवसाने त्यात काळपट ठिपका दिसू लागतो. पांढरं, अपारदर्शक झालेलं अंडं मेलेलं. त्यावर चोवीस तासांत कापसासारखे तंतू येतात आणि शेजारच्या जिवंत अंड्यांना वेढतात. विखुरलेली दोन-चार पांढरी अंडी सोडून द्या. झुबका दिसला तर बारीक सुईने उचलून काढा, पण शेजारच्या अंड्याला टोचू नका. सगळीच्या सगळी पांढरी झाली तर कारण बुरशी नव्हे. तेव्हा फलनच झालेलं नसतं. दोन माद्या, फार कोवळा नर, फार जड पाणी, किंवा अंडी घालताना फिल्टरचा जोरदार प्रवाह, यातलं एक काही तरी शोधा.

फुटलेली पिल्लं लगेच पोहत नाहीत. डोक्यावरच्या चिकट धाग्याने पाटीला लटकून शेपटी हलवत राहतात. काही सुटून तळाला पडतात आणि तिथे ढीग होतो. घाबरू नका, फक्त हवेचा दगड ढिगाच्या जवळ सरकवा, कारण ढिगाच्या आत ऑक्सिजन कमी पडतो. पोहायला लागेपर्यंतच्या चार-पाच दिवसांत त्यांना काहीही खायला घालायचं नाही. पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी असते, तीच त्यांचं खाणं. या दिवसांत टाकलेलं खाद्य पूर्ण सडतं आणि पोहण्याआधीच पिल्लं मरतात.

पाण्यावर तेलकट साय दिसली तर वर्तमानपत्राचा कागद पृष्ठभागावर अलगद पसरून ओढून घ्या. पिल्लांना पोहायला लागताना पोटातल्या फुग्यात पहिली हवा भरायची असते आणि त्यासाठी ती वर येतात. साय असेल तर हवा मिळत नाही आणि पिल्लू तळाशी पोट घासत राहतं.

आर्टेमिया: इथे कष्ट घ्या

पोहणाऱ्या एंजलच्या पिल्लाला हलणारंच खाद्य दिसतं. त्याच्या तोंडाच्या मापाचं, पौष्टिक आणि हलणारं खाद्य म्हणजे आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची ताजी पिल्लं, म्हणजेच बेबी ब्राइन श्रिम्प. माशाची पिल्लं लटकलेली असतानाच एक बाटली लावून बघा. विकत आणलेली आर्टेमियाची अंडी जुनी असतील तर तेव्हाच कळेल आणि दुसरा डबा आणायला वेळ मिळेल.

दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली बूड कापून उलटी टांगा. तिच्यात दीड लिटर पाणी, दोन सपाट मोठे चमचे जाडं मीठ (३५ ते ४० ग्रॅम) आणि पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा घाला. आर्टेमियाची अंडी अर्धा छोटा चमचा पुरतात. हवा कडक नळीने थेट तळापर्यंत न्या आणि जोरात सोडा, म्हणजे अंडी फिरत राहतील. टोकाला दगड लावू नका. बारीक बुडबुड्यांनी अंडी वर उडून बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि तिथेच वाळतात. पहिले काही तास बाटलीवर उजेड हवा. २७-२८ अंशांना २४ तासांत पिल्लं निघतात, थंडीत ३६ तास लागतात. डिसेंबरमध्ये एलईडी दिवा लावून बाटली गरम होत नाही. बादलीत पाणी भरा, त्यात हीटर लावा आणि बाटली त्या पाण्यात उभी करा.

काढायची रीत अशी. हवा बंद करा, दहा मिनिटं थांबा. तपकिरी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी अगदी खाली बसतात. खालच्या बाजूला टॉर्च धरला की नारिंगी पिल्लं उजेडाकडे येऊन गोळा होतात. आता बारीक नळीने आधी तळाचा चमचाभर गाळ काढून टाका, मग नारिंगी थर स्वच्छ सुती रुमालावर गाळून घ्या आणि साध्या पाण्याने धुवा. मिठाचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. टरफलंही जाऊ देऊ नका, पिल्लांच्या आतड्यात ती अडकतात.

आर्टेमियाच्या पिल्लाचं पोषण फुटल्यापासून तासागणिक कमी होत जातं, कारण तेही स्वतःच्या बलकावर जगत असतं. म्हणून एकदम मोठी बाटली लावण्यापेक्षा दोन बाटल्या बारा तासांच्या अंतराने लावा. डबा उघडला की पावसाळ्यात अंडी ओल धरतात आणि निकामी होतात. घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून फ्रिजमध्ये ठेवा.

किती द्यायचं ते पिल्लाच्या पोटावरून ठरवा. पोहायला लागल्याच्या पहिल्या दिवशी भिंगातून बघितलं तर खाल्लेल्या पिल्लाचं पोट स्पष्ट नारिंगी दिसतं. दहा-पंधरा मिनिटांत बहुतेकांची पोटं नारिंगी झाली पाहिजेत. दिवसातून चार वेळा द्या, निदान तीन. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तास जगतात, मग मरून तळाला सडतात. तळाला नारिंगी-गुलाबी थर दिसला तर पुढच्या वेळी निम्मं द्या.

सोबतीला मायक्रोवर्म (बारीक किडे) ठेवा, एखाद्या दिवशी बाटली फसली तर उपयोगी पडतं. पसरट डब्यात शिजवलेल्या ओट्सचा एक सेंटिमीटर थर, वर चिमूटभर यीस्ट आणि कुणाकडून तरी आणलेलं विरजण. आठवड्याभरात किडे भिंतीवर चढतात, बोटाने पुसून घ्यायचे. मे महिन्यात हे लवकर आंबून वास मारतं, तेव्हा दर आठवड्याला नवा डबा लावा.

उकडलेल्या अंड्याचा बलक बरेच लोक सुचवतात. आमचं स्पष्ट मत आहे की तो देऊ नये. पिल्लं त्यातलं फार थोडं खातात, उरलेला बलक पाणी दुधाळ करतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला मेलेली पिल्लं दिसतात. नाल्यातून काढलेले ट्युबिफेक्स किडेही नकोत, ते रोग घेऊनच येतात.

पाणी बदलणं

पोहायला लागल्याच्या तिसऱ्या दिवसापासून रोज चौथा हिस्सा पाणी बदला, दुसऱ्या आठवड्यात तिसरा हिस्सा ते निम्मं. हवेच्या पंपाची बारीक नळी घ्या, तिच्या टोकाला कडक नळीचा वीतभर तुकडा लावा आणि तळ साफ करत पाणी पांढऱ्या बादलीत सोडा. बादली पांढरीच हवी, म्हणजे चुकून ओढली गेलेली पिल्लं दिसतात आणि ड्रॉपरने परत टाकता येतात. नवं पाणी दुसऱ्या नळीला सैल गाठ मारून थेंबाथेंबाने सोडा. तापमानातला फरक एका अंशाच्या आत असू द्या.

रोज का? अमोनियाचा विषारी भाग पीएचवर अवलंबून असतो. पीएच ७ वरून ८ वर गेला की तोच एकूण अमोनिया जवळजवळ दहापट विषारी होतो. म्हणून बोअरच्या, पीएच ८ च्या पाण्यात जरासं जास्त खाद्यही महागात पडतं. संध्याकाळी सगळी पिल्लं छान होती आणि सकाळी निम्मी मेली, असं झालं की आधी अमोनिया तपासा. टेस्ट किटमध्ये तो शून्य दिसला पाहिजे. थोडासा रंग दिसला तरी लगेच निम्मं पाणी बदला आणि एक वेळचं खाद्य टाळा.

उरलेलं खाद्य खायला दोन-तीन गोगलगायी टाकता येतात, पण पिल्लं पोहायला लागल्यावरच. त्याआधी टाकल्या तर अंडीच खातील.

दहा ते चौदा दिवसांनी पिल्लं मोठ्या टाकीत हलवा. जाळीने पकडू नका, पंख आणि कल्ल्यांची झाकणं फाटतात. वाटी बुडवून पाण्यासकट उचला. ७० लिटरच्या टाकीत नाण्याएवढी होईपर्यंत साठ ते शंभर पिल्लं नीट वाढतात. तीनशे ठेवली तर सगळीच खुरटतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बारीक चुरलेलं कोरडं खाद्य सुरू करा, आधी आर्टेमियाबरोबर आणि मग हळूहळू त्याऐवजी. याच सुमारास अंगाला एंजलचा आकार येऊ लागतो, वरचा आणि खालचा पंख लांबतो. आठव्या आठवड्याच्या आसपास अंग रुपयाच्या नाण्याएवढं होतं.

पोटाखालचे दोन लांब धागे नसलेली पिल्लं दिसली तर पहिल्या दोन आठवड्यांत पाणी घाण राहिलं किंवा गर्दी झाली असं समजा. कल्ल्याचं झाकण आखूड असलेली, पाठ वाकलेली पिल्लं पुढे जोडीसाठी वापरू नका.

नवतपा आणि डिसेंबर

एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत नागपुरात पिल्लं वाढवू नयेत, असं आम्ही सांगू. एसी नसलेल्या खोलीतलं पाणी नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ३३-३४ अंशांवर जातं. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३३ अंशांना जेमतेम सव्वासात. त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढलेली असते. जोडी अंडी घालणारच, तेव्हा त्यांची त्यांना खाऊ द्या.

आधीची पिल्लं टाकीत असतील तर टाकी कूलरच्या खोलीत, खिडकीपासून दूर ठेवा. झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा तिरका मारा. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असल्याने बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरतं. पाणी आटतं ती भर आरओच्या पाण्याने घाला. बोअरच्या पाण्याने भर घालत राहिलात तर उडतं ते फक्त पाणी, क्षार मागे राहून वाढत जातात. बर्फाची बाटली टाकू नका. तासाभरात चार अंश खाली आणि पुन्हा वर, हा झोका नुसत्या उष्णतेपेक्षा वाईट. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवाच.

डिसेंबर-जानेवारीत रात्री खोली १५-१६ अंशांवर येते. १९ लिटरच्या टाकीला ५० वॅटचा हीटर पुरतो. ७० लिटरला १०० वॅटचा एक घेण्यापेक्षा ५० वॅटचे दोन घ्या. एक बंद पडला तर पाणी एकदम गार होत नाही, एक चालू अडकला तर एकदम उकळत नाही. टाकीच्या मागे आणि बाजूंना थर्माकोल लावा. आकडा मात्र वेगळ्या थर्मामीटरवरच बघा, हीटरच्या खुंटीवरच्या आकड्यावर विसंबू नका.

आणखी एक धोका, आणि हा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: डासांचा स्प्रे. त्यातली पायरेथ्रॉइड औषधं माशांना अतिशय विषारी असतात आणि हवेचा पंप खोलीतली हवा खेचून थेट पाण्यात सोडतो. टाकीच्या खोलीत स्प्रे मारूच नका. गल्लीत धुराची फवारणी आली तर खिडक्या लावा, टाकीवर ओलं फडकं टाका आणि धूर विरेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं पंप बंद ठेवा.

इतर जाती

पहिल्यांदाच करत असाल तर कॉन्व्हिक्ट सिक्लिडने सुरुवात करा. मातीची कुंडी आडवी ठेवली की आत अंडी घालतात, पाण्याचे नखरे नाहीत आणि आई-बाप पिल्लांना जिवापाड राखतात. पाचोळा उलटवून, तळ ढवळून त्यांना खायलाही घालतात. अंडी काढायची गरज नाही, बाकीचे मासे काढा, कारण जोडी त्यांना फाडून खाईल.

जड बोअरचं पाणी असेल तर त्याच्याशी भांडत बसण्यापेक्षा मलावी सरोवरातले सिक्लिड घ्या. पिवळा लॅब, म्हणजे लॅबिडोक्रोमिस, पीएच ७.८ ते ८.६ मध्येच खूश असतो. मादी अंडी तोंडात धरते, तीन ते चार आठवडे काही खात नाही, आणि हनुवटी फुगलेली दिसते. अठराव्या दिवसाच्या आसपास तिला अलगद वेगळ्या टाकीत न्या, तेही पहाटे अंधारात, म्हणजे ती दचकून अंडी थुंकत नाही. पिल्लं वीस-तीसच असतात, पण पूर्ण घडलेली बाहेर येतात आणि पहिल्या दिवसापासून चुरलेलं कोरडं खाद्य खातात. आर्टेमियाही आवडीने घेतात. पिल्लं सोडल्यावर मादीला आठवडाभर एकटीला खाऊ द्या, मगच मोठ्या टाकीत सोडा.

रॅम या छोट्या सिक्लिडला खरोखर मऊ (कमी क्षारांचं) पाणी लागतं, टीडीएस १०० च्या आत. डिस्कसची पिल्लं पहिले काही दिवस आई-बापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन जगतात, त्यामुळे ती वेगळी काढण्याचा विचार नवख्याने करू नये. भारतात मूळच्या सिक्लिडच्या तीनच जाती आहेत. त्यातल्या ऑरेंज क्रोमाइडची पिल्लंही आई-बापांच्या अंगावर टोचून खातात.

जास्तीची पिल्लं

आठ-दहा आठवड्यांची, एकसारख्या मापाची एंजलची पिल्लं दुकानदार घेतात. आधी बोलून ठेवा, कारण शंभर पिल्लं एकदम कुणालाच नको असतात. फुटाळा, अंबाझरी, गोरेवाडा तलावांत किंवा कुठल्याही विहिरीत सोडू नका. मलावीचे आणि मध्य अमेरिकेतले सिक्लिड तिथे जगले तर स्थानिक माशांची अंडी-पिल्लं खातात, आणि आपल्या टाकीतले रोगही तिथे पोचतात.

नेताना आदल्या दिवशी खायला घालू नका, म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही. पिशवीत तिसरा हिस्सा पाणी, दोन हिस्से हवा, लिटरभर पाण्यात दहाच्या वर पिल्लं नकोत. पिशवी दुहेरी घ्या, खालचे कोपरे दुमडून रबर लावा, नाहीतर पिल्लं कोपऱ्यात अडकून चेंगरतात. थर्माकोलच्या डब्यात ठेवून सकाळी नऊच्या आत पोचवा आणि दुकानदाराला आपल्या पाण्याचा टीडीएस आणि पीएच चिठ्ठीवर लिहून द्या.